चाचांची नकली वायर

चाचांना पाटी वाचल्याशिवाय तिच्याखालून जाता येत नसे. कारंज्याच्या बसस्टँडपासून आमच्या दुकानापर्यंत जेवढ्या पाट्या होत्या, त्या सगळ्या ते रोज सकाळी मोठ्यानं वाचत यायचे आणि वाचता वाचता अक्षरांना नावं ठेवायचे. "हा 'क' पाह्य. पोट सुटलं याचं. अन् हा 'ळ', जसा का बाजंवर लोळून राह्यला." पाटीचा मालक खाली उभा असला तरी त्यांना फरक पडत नसे. मालक म्हणायचा, "चाचा, पैसे देऊन करून घेतली न जी पाटी." चाचा म्हणायचे, "मंग वापस माग पैसे. उभं राहाचे देल्ले होते, यायनं तं बैठक मारली."

नाकावर दोन चष्मे असायचे, एकावर एक. एक लांबचा, एक जवळचा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी एकाच काचेत दोन्ही नंबर बसवून देतो म्हटलं, तर चाचा उठून आले. "दोन कामं एकाले देल्ली का तो दोन्ही अर्धी करते," एवढंच बोलले. लांबचं बघायचं असलं की जवळचा चष्मा कपाळावर सरकायचा, आणि मग दिवसभर ते तो चष्मा दुकानात शोधायचे. आम्ही सांगत नसू. सांगितलं तर राग येई.

दुकान रेडियमचं. गाडीच्या काचेवर, ट्रॅक्टरच्या तोंडावर, दुकानांच्या दारावर जी रंगीत चिकट अक्षरं असतात, त्यांना आमच्याकडे रेडियम म्हणतात. कॉम्प्युटरवर अक्षर लिहायचं, मशीनमध्ये रेडियमचा कागद घालायचा, मशीनचं पातं अक्षराच्या कडेनं फिरतं. पण कापलेलं अक्षर त्या कागदातच बसून राहतं. त्याच्या आजूबाजूचं नको असलेलं रेडियम सुईनं उचलून काढावं लागतं. 'अ'च्या पोटातला तुकडा, अनुस्वाराभोवतीचा भाग, सगळं. चाचा त्याला निवडणं म्हणत, आपण तांदूळ निवडतो तसं. ते काम माझं होतं.

मी त्या कामाला कशी लागले, तेही त्यांच्या पाटीमुळेच. दुकानाच्या शटरवर त्यांनी लावलं होतं: "कामाला माणूस पाहिजे. हात थरथरता कामा नये. बोलता आलं नाही तरी चालेल." माझं माहेर किन्हीराजाचं, शाळा चौथीपर्यंत. लग्न होऊन कारंज्यात आले तरी दुकानदाराला साखर मागतानाही माझा आवाज घशात अडकायचा. ती पाटी वाचली तेव्हा वाटलं, ही माझ्यासाठीच लावली आहे. मी आत गेले आणि काहीच न बोलता उभी राहिले. चाचांनी माझ्यासमोर सुई ठेवली, कापलेला कागद ठेवला. मी निवडून दिला. त्यांनी दोन्ही चष्म्यांतून तो पाहिला आणि म्हणाले, "उद्या ये." मी मान हलवली. बोलणं तेवढंच झालं.

त्यांचा स्वतःचा हात थरथरत होता. आधी ते ब्रशने पाट्या रंगवायचे, भिंती रंगवायचे, गावोगाव सायकलवर डबे लटकवून जायचे. मग उजवा हात हलायला लागला. लोकांना वाटलं, आता म्हातारा घरी बसेल. चाचांनी अकोल्याहून जुनं कापायचं मशीन आणलं. "हात थरथरते तं थरथरू दे," ते म्हणत. "हातानं आजवर माही नोकरी केली. आता त्याले रिटायर केलं. मी थोडीच झालो." चहाचा कप मात्र ते कधी दोन हातांनी धरत नसत. थरथरत्या हातानंच उचलायचे, अर्धा बशीत, थोडा सदऱ्यावर. कोणी मदतीला हात पुढे केला की बशीसकट तोंड फिरवायचे.

घरी माझ्या या नोकरीवरून बोलणी झाली. एक दिवस सासूबाई काठी टेकत दुकानात आल्या, मला परत न्यायला. दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चाल व घरी. कागद सोलाले काय आपल्या घरी काम नाही?" मी खाली बघत राहिले. चाचा स्टुलावरून उठले, सासूबाईंच्या काठीकडे बघून म्हणाले, "बाई, तुमची काठी मांगून आंधळी हाय."

"काय म्हनता जी?"

"अंधारात तुमाले रस्ता दिसन. पण मांगून येनाऱ्या गाडीले तुमी दिसान का?" असं म्हणून त्यांनी लाल रेडियमची पट्टी कापून त्यांच्या काठीला गोल गुंडाळली. सासूबाई काठी वळवून वळवून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "थोडी अजून वर लावा, तिथं हात लागते." मला न्यायचं त्या विसरल्या. पट्टी निघाली की स्वतःच यायच्या, लावून घ्यायला, आणि घरी गेल्यावर कोणाला सांगायच्या नाहीत.

मागून आंधळं काही दिसलं की चाचांना राहवत नसे. सगळ्यात जास्त ते बंड्यांच्या, म्हणजे बैलगाड्यांच्या, मागे लागायचे. बाजाराच्या दिवशी गावाकडून येणारी बैलबंडी दिसली की रेडियमचा गुंडाळा काखेत मारून रस्त्यावर जायचे. "थांब रे! मांगून आंधळी हाय तुही बंडी." शेतकरी म्हणायचा, "चाचा, घाई हाय." चाचा बैलांच्या समोर उभे राहायचे. बैल थांबायचे, मग शेतकऱ्याला थांबावंच लागे. मागच्या फळीला लाल पट्टी चिकटवायची, आणि घरात पडलेली एखादी जुनी सीडी तारेनं लटकवायची. ट्रकचा उजेड सीडीवर पडला की लांबून चमकते. सीडी ते कुठून कुठून गोळा करायचे. लग्नाच्या, भजनाच्या, शाळेच्या. कोणाचं लग्न कोणत्या बंडीच्या मागे हलतंय, ते फक्त चाचांना माहीत असे. हे सगळं फुकट. काहून करता म्हणून कोणी विचारलं तर म्हणायचे, "तुकडे उरते. फेकू का?" पण मी पाहिलेलं आहे, ते नव्या गुंडाळ्यातून कापायचे.

आणि नाही म्हणायचं असलं की ते नाहीच म्हणायचे. एकदा काही जवान पोरं गाडी घेऊन आली. मागच्या काचेवर लावायला एक ओळ हवी होती. दुसऱ्या मोहल्ल्याला खिजवणारी ओळ होती. चाचांनी कागद वाचला आणि परत दिला.

"हे नाही होत."

"काहून? मशीन बंद हाय का?"

"मशीन मस्त हाय. मी नाही कापत."

"तुमाले काय करायचं चाचा? तुमी फक्त कापा न."

"कापतो म्हणूनच तं इचारतो बाप्पा. कापल्यावर जुळवता येत नाही मले."

एकानं स्टुलाला लाथ मारली. स्टूल रस्त्यावर जाऊन पडलं. चाचा सावकाश बाहेर गेले, स्टूल उचललं, दाराच्या मधोमध ठेवलं आणि त्यावर बसून खिशातल्या शेंगा सोलायला लागले. टरफलं दुसऱ्या खिशात. पोरं शिव्या देत उभी राहिली, मग गाडी सुरू करून निघून गेली. मी आत भिंतीला चिकटून होते. चाचा मागे न बघता म्हणाले, "काहून थांबली? सुई चालू दे."

त्यांचा मोठा मुलगा अमरावतीला नोकरीला होता. स्वभावानं चांगला होता, वडिलांची काळजी करायचा. नंबर प्लेटा सरकारी झाल्यापासून आमचं काम कमी झालं होतं आणि बाजूच्या दुकानदारांनी आपापली जागा भाड्यानं दिली होती. ईदला तो घरी आला तेव्हा दुकानात येऊन बसला आणि म्हणाला, "अब्बा, अब बस करो. जगह किराये पे दे देते." चाचा त्याच्याशी हिंदीत बोलायचे, पण चिडले की आपल्या वऱ्हाडीवर यायचे. त्या दिवशी पहिल्या वाक्यालाच वऱ्हाडीवर आले.

"मशीन चालू तं दुकान चालू. ज्या दिवशी मशीन बंद पडन, त्या दिवशी चाबी तुह्या हातात. जबान देल्ली."

"पक्का?"

"तुह्या बापानं कधी कच्चं अक्षर लिहिलं का?"

मुलगा हसला. मी आत अक्षर निवडत होते, माझी सुई थांबली. त्या दुकानाशिवाय मला दुसरीकडे कुठे जाता येत नव्हतं. बाजार, दवाखाना, सगळीकडे मी कोणाच्या तरी मागे असायचे. इथे मी एकटी यायचे, स्वतःच्या पायानं, आणि माझ्या जागेवर बसायचे. चाबी मुलाच्या हातात गेली असती तर माझी जागाही गेली असती. म्हणून त्या दिवसापासून मशीनच्या आवाजाकडे माझा कान असायचा, तापलेल्या लेकराच्या श्वासाकडे असतो तसा.

मग जुना कॉम्प्युटर गेला. वीज कमीजास्त झाली आणि आतून जळका वास आला. बाजारपेठेत कॉम्प्युटरचं दुकान असलेले एक जैन सेठ होते. त्यांच्या आजोबांच्या किराणा दुकानाची पाटी चाचांनी ब्रशनं रंगवली होती, त्यामुळे ते चाचांना मान देत. त्यांनी नवा कॉम्प्युटर आणून बसवला. मशीनची वायर जोडली. कॉम्प्युटरवर एक पिवळा त्रिकोण आला, रस्त्यावर पुढे वळण आहे म्हणून सांगणाऱ्या पाटीसारखा. मशीन हललं नाही.

सेठनी समजावून सांगितलं. मशीन आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बोलण्यासाठी कॉम्प्युटरमध्ये एक लहानसा प्रोग्राम टाकावा लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. नवा कॉम्प्युटर नवा ड्रायव्हर नेटवरून आपोआप घेतो. "अन् चाचा, खरं सांगू का, तुमच्या वायरमधी जे चिप हाय ते नकली हाय. जुना ड्रायव्हर इचारत नव्हता. नवा इचारते. नकली दिसली का तो बोलतच नाही."

चाचांनी लांबचा चष्मा काढून जवळच्यातून त्या त्रिकोणाकडे बघितलं.

"नकली म्हनते?"

"हो जी."

"इतके साल यानंच कापलं. दवाखान्याची पाटी कापली, मंदिराची कापली, मस्जिदीची कापली, तुमच्या दुकानाची कापली. तवा कोनी म्हनलं का नकली अक्षर हाय?"

"मी नाही म्हणत चाचा, कंपनी म्हणते."

"कंपनी कवा आली होती पाहाले?"

सेठ हसले आणि दुसऱ्या दिवशी दुसरी वायर घेऊन आले, चांगल्या कंपनीची. ती लावल्यावर मशीन हललं. माझा जीव भांड्यात पडला. चाचांनी 'श्री' लिहून कापायला लावलं. मशीननं अर्धं 'श्री' कापलं आणि थांबलं. पुन्हा लावलं. पुन्हा तिथंच थांबलं. सेठ म्हणाले, मशीनच्या जोडणीला ही वायर जमत नाही, आतल्या तारा वेगळ्या आहेत. अकोल्याच्या कोणा मिस्त्रीनं ती जुनी वायर या मशीनसाठी म्हणून बांधली असणार. चाचांनी ते अर्धं 'श्री' सोलून काढलं, चांगल्या वायरला चिकटवलं आणि वायर सेठच्या हातात दिली. "हे असली. अर्धं लिहिते. माही नकली पूर्न लिहिते. आता तुमीच ठरवा."

सेठनी नेटवर जुना ड्रायव्हर शोधला. जे मिळालं ते चाललं नाही. शेवटी म्हणाले, "मशीनसोबत एक लहान सीडी आली असन. ते सापडली तं होऊन जाईन."

चाचांचा चेहरा पडला. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. ते हळूच म्हणाले, "वाटीएवढी होती न ते? लहानी?"

"हो जी."

"ते म्या बंडीले लावली."

सेठना कळेना. मला कळलं. कॉम्प्युटर चालू असताना सीडीचं काही काम नव्हतं. घरातल्या सगळ्या सीड्या संपल्या होत्या, आणि एका बंडीची मागची फळी इतकी अरुंद होती की मोठी सीडी बसत नव्हती. म्हणून त्यांनी ती लहान सीडी लावली होती. बंडी धनज गावची होती, एवढं त्यांना आठवत होतं. आणि बैलांपैकी एकाचं शिंग तुटलेलं होतं.

दोन चष्मे लावूनही लांबचं नीट दिसत नाही आणि थरथरत्या हातानं तार सुटत नाही, म्हणून त्यांनी मला सोबत चल म्हटलं. परक्या माणसासोबत जीपमध्ये बसून मी कधी कुठे गेले नव्हते. घरी विचारायला गेले असते तर नाही म्हटलं असतं. म्हणून मी विचारायला गेले नाही. वाटेतल्या कामरगावपर्यंत चाचा जीपमधून दिसणाऱ्या पाट्या वाचत होते, पण नावं ठेवत नव्हते. नुसत्या वाचत होते. तेव्हा मला समजलं की ते घाबरले आहेत.

धनजला तुटक्या शिंगाचा बैल सगळ्यांना माहीत होता. घर सापडलं. मालक वावरात गेला होता, घरवाली अंगणात मिरच्या वाळवत होती. बंडी बाजूलाच उभी होती आणि तिच्या मागे ती लहान सीडी, मातीनं भरलेली, वाऱ्यावर हलत होती. चाचांनी तिच्याकडे बोट केलं. "बाई, ते सीडी मले पाह्यजे."

"कायले?"

"माही हाय ते."

"आता आमची हाय. बंडीले लागलेली वस्तू बंडीची." ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "एका बुढ्यानं लावून देल्ली होती कारंज्याच्या बाजारात. रातच्याले टरकवाले दुरूनच हॉरन मारते. मी नाही देत."

"तो बुढा मीच हाय."

तिनं चाचांना वरून खालपर्यंत पाहिलं. "तुमी? मंग तं बिलकुल नाही देत. तुमीच म्हनलं होतं आमच्या घरच्यायले, हे काढजो नोको म्हणून."

चाचा हसायला लागले. हसता हसता कपाळावरचा चष्मा नाकावर आला. आपलं दुकान बुडायला आलं होतं आणि ते त्या बाईवर खुश झाले होते. "शाबास," ते म्हणाले. "असंच पाह्यजे." मग बंडीजवळ बसून त्यांनी सोबत आणलेलं लाल रेडियम काढलं. मला म्हणाले, तू कापून दे. मागची फळी, दोन्ही बाजूच्या दांड्या, चाकाचे आरे, सगळीकडे पट्ट्या लावल्या. बाईनं मिरच्या सोडून फळी पुसून दिली. शेवटी तीच म्हणाली, "आता न्या तुमची. आता तं नवरदेव दिसून राह्यली बंडी." मी तार सोडवली आणि सीडी पदरात बांधली.

सीडी ओरखडलेली होती, एका बाजूनं उन्हानं पिवळी पडलेली. सेठनी पुसली, दंतमंजनानं घासली, सीडी वाचणाऱ्या एका जुन्या खोक्यात घातली. खोकं खूप वेळ घरघरलं. मग वाचलं. जुना ड्रायव्हर टाकताना लाल रंगाची चौकट आली आणि सेठ थांबले.

"काय म्हनते?" चाचांनी विचारलं.

"म्हणते का, हा ड्रायव्हर कोनी बनवला त्याची खात्री नाही. वरचं बटन हाय, टाकू नका. खालचं हाय, तरी टाका."

"मंग इचारता कायले? खालचं दाबा."

मशीन हललं. 'श्री' पूर्ण कापलं गेलं. चाचांनी ते मला निवडायला दिलं आणि स्वतः बाहेर जाऊन उभे राहिले, पाठ दुकानाकडे करून. बऱ्याच वेळानं आत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन पुन्हा मुकं. पुन्हा पिवळा त्रिकोण. सेठ धावत आले, बघून म्हणाले, नेट चालू राहिलं म्हणून कॉम्प्युटरनं आपोआप नवा ड्रायव्हर घेतला. चाचांचा आवाज चौकापर्यंत गेला. "माह्या दुकानात, माह्या कुलपाच्या आत, मले न इचारता कोन शिरलं? अन् आल्यावर माहीच वायर ओळखत नाही म्हनते?" त्यांनी रेडियमची मोठी कैची घेतली आणि कॉम्प्युटरला आलेली नेटची वायर कापली. सेठ म्हणाले, "चाचा, नुसती काढली असती तरी चाललं असतं." चाचा म्हणाले, "काढलेली पुन्हा लागते." वायरचं टोक हातात धरून ते कॉम्प्युटरला म्हणाले, "आजपासून तुले रोजा. बाहेरचं काही खाचं नाही." हा रोजा त्यांनी कधी सोडू दिला नाही. गिऱ्हाइकांची नावं फोनवर आली तर मी ती वहीच्या कागदावर लिहायचे आणि कॉम्प्युटरवर पुन्हा टाइप करायचे.

टाइप करायला मला त्यांनीच बसवलं. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "माहं बोट एक दाबते, दोनदा लागते. तुह्या बोटाले कंप नाही. बस." इंग्रजी मला येत नव्हतं, पण अक्षरं ओळखता येत होती, गाड्यांच्या नंबरांवर सगळी निवडून झाली होती. आमच्या जिल्ह्याच्या एम एच सदतीसपासून सुरुवात झाली होती माझी. कॉम्प्युटरवरच्या ड्रायव्हरांच्या यादीत जुना ड्रायव्हर कोणता आणि नवा कोणता, ते अक्षरांच्या आकारावरून लक्षात ठेवलं. कधी वीज गेली, कधी काही बिघडलं की चाचा मागे उभे राहायचे, दोन्ही चष्मे लावून, आणि सांगायचे काही नाही. मी चुकले की नुसतं खोकायचे.

चाचा उन्हाळ्यात गेले. दुपारी जेवून झोपले ते उठलेच नाहीत. मैताला मी लांब उभी होते. बंड्या घेऊन माणसं आली होती, धनजची ती बाईही आली होती.

दुकान काही दिवस बंद राहिलं. मग एका सकाळी शटर अर्धं उघडलेलं दिसलं. आत मोठा मुलगा होता, आणि त्याच्यासोबत एक माणूस टेप घेऊन भिंती मोजत होता. बाहेर ओट्यावर कामरगावची एक बाई बसली होती. तिनं पिठाची गिरणी टाकली होती आणि तिच्या दारावर लावायची अक्षरं चाचांना सांगून ठेवली होती. चाचा गेल्याचं तिला माहीत नव्हतं.

मुलगा म्हणाला, "ताई, तुमचं काही सामान असन तं घेऊन जा. बुरा मानू नका. मशीन बी बंद पडलं. काल अब्बांचे कागद काढाले फोनवरून नेट लावलं, मंग मशीन चालवून पाह्यलं. नाही चाललं. अब्बानं जबान देल्ली होती, मशीन बंद तं चाबी माह्या हाती."

त्या मुलाशी मी कधी एक शब्द बोलले नव्हते. टेपवाला माणूस माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, खाली बघावं, सुई उचलावी आणि घरी जावं.

मी म्हटलं, "मशीन बंद नाही."

"काय?"

"मशीन चालू हाय. कॉम्प्युटर त्याले ओळखून नाही राह्यला. तुमी नेट लावलं म्हणून."

तो थकलेला होता. म्हणाला, "ताई, आता ते कायले? अब्बाच नाही राह्यले."

"चाचा बंद तं दुकान बंद, असं नव्हतं ठरलं," मी म्हटलं. माझा आवाज मला दुसऱ्या कोणाचा वाटला. "मशीन बंद तं दुकान बंद, असं ठरलं होतं. ईदच्या दिवशी. मी इथंच बसली होती."

"पण चालवन कोन?"

मी खुर्ची ओढली आणि बसले. नेट काढलं. यादी उघडली, जुन्या ड्रायव्हरची ओळ शोधली. हात थरथरत होता, आयुष्यात पहिल्यांदा. मी तो टेबलावर टेकवला आणि मग दाबलं. लाल चौकट आली. खालचं दाबलं. त्रिकोण गेला. ओट्यावरच्या बाईला विचारलं, "काय लिहाचं होतं बाई?" ती म्हणाली, "दळन दळून भेटन, अन् खाली माहं नाव." तिनं आपलं नाव सांगितलं. नवऱ्याचं नाही, आपलं. मी ते लिहिलं, रेडियम घातलं, आणि मशीननं पहिल्या अक्षराला हात घातला.

मुलगा मशीनजवळ येऊन उभा राहिला. पातं फिरत होतं तिकडे बघत राहिला. एकदा त्यानं तोंडावरून हात फिरवला. मी कागद काढून मांडीवर घेतला आणि निवडायला बसले. टेपवाला माणूस दारात उभा होता, बाहेरचा सगळा उजेड अडवून. 'ळ'च्या आतला तुकडा मला दिसत नव्हता. मी मान वर केली.

"उजेडातून बाजूले व्हा," मी त्याला म्हटलं.

तो हलला नाही. त्यानं मुलाकडे पाहिलं. मुलानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या मांडीवरच्या कागदाकडे पाहिलं, आणि त्या माणसाला म्हणाला,

"भाऊ, व्हा बाजूले. काम चालू हाय."